कावळ्याच्या इतर बैठका

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीतील तात्यापारा हा भाग मराठी कुटुंबांच्या वास्तव्यासाठी ओळखला जातो. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरली, बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, आणि या उलाढालींच्या मागोमाग इकडे आलेल्या मराठी कुटुंबांनी पंचांग, गोडा मसाला आणि कोणत्याही प्रश्नावर तत्काळ मत देण्याची सवय या तीन वस्तू सांभाळून आणल्या. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडची लोकसंख्या २ कोटी ५५ लाख भरली आणि त्यात मराठी मातृभाषा सांगणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले. मात्र एक टक्क्याहून कमी असलेल्या समाजाने एकूण मतांपैकी किती टक्के मते बाळगावीत, यावर जनगणना खात्याने कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

संख्याशास्त्र म्हणजे निरीक्षणांतून जमलेल्या माहितीच्या, म्हणजेच विदेच्या, आधारे अनिश्चित गोष्टींविषयी कितपत खात्रीने बोलावे हे ठरवणारे शास्त्र, अशी ढोबळ व्याख्या केली, तर तात्यापाऱ्यातील संध्याकाळच्या ओट्यावर या शास्त्रातील विदेची टंचाई कधीच जाणवत नाही. कोणाच्या घरातला दिवा रात्री किती वाजता मालवतो, कोणाच्या सुनेने किती दिवसांत माहेरच्या किती फेऱ्या केल्या, याची नोंद तेथे सरकारी दप्तरापेक्षा अद्ययावत असते. उणीव असते ती एकाच गोष्टीची, आणि ती कोणती हे कावळा बसायला व फांदी मोडायला एकच गाठ पडल्याची जुनी म्हण चांगली दाखवून देते. फांदी मोडली तेव्हा कावळा बसला होता ही नोंद सर्वांकडे असते. तोच कावळा त्याच फांदीवर त्याआधी किती वेळा बसून सुखरूप उडून गेला, याची नोंद कोणाकडेही नसते. अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचे, तर घडलेल्या घटना हा अंश आणि घडण्याच्या सर्व संधी हा छेद. अंश गावाला आठवतो, छेदाला कोणी विचारीत नाही. रोज दोन कट्टे बिड्या ओढून नव्वदी गाठलेल्या आजोबांचा दाखला ओट्यावर दर आठवड्याला दिला जातो तो याच न्यायाने, कारण तेवढ्याच बिड्या ओढून पंचावन्नाव्या वर्षी गेलेले त्यांचे समवयस्क प्रतिवाद करण्यासाठी ओट्यावर येऊ शकत नाहीत.

छेदाच्या या अनुपस्थितीचा सर्वांत वैभवशाली आविष्कार पावसाच्या वाहनांत आढळतो. सूर्य मृगापासून हस्तापर्यंतच्या एकेका पर्जन्यनक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस राहतो, आणि प्रत्येक नक्षत्राला पंचांगकर्ते एक वाहन देतात. वाहन काढण्याची रीत सोपी आहे: सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, येणाऱ्या संख्येला नवाने भागायचे, आणि बाकी एक उरल्यास घोडा, दोन उरल्यास कोल्हा, तीन उरल्यास बेडूक, असे करत मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि बाकी शून्य आल्यास हत्ती, या क्रमाने प्राणी निवडायचा. बेडूक, म्हैस आणि हत्ती यांच्यावर बसून आलेला पाऊस भरपूर, मोर, गाढव आणि उंदीर यांच्यावरचा मध्यम, कोल्हा आणि मेंढा यांच्यावरचा ओढ देणारा, तर घोड्यावरचा डोंगराळ भागाकडे वळणारा मानला जातो. यातल्या भागाकाराविषयी कोणाचीही तक्रार असू नये. नवाने भागण्याचे काम पंचांगकर्ते चोख करतात.

अडचण पुढे सुरू होते. पुनर्वसू आणि पुष्य ही नक्षत्रे साधारणपणे जुलैत येतात, आणि जुलैत रायपूरला पाऊस पडण्यासाठी कोणत्याही प्राण्याची गरज लागत नाही; तो महिनाच भर पावसाळ्याचा असतो. कोणताही विशेष संकेत हाती नसताना एखादी घटना मुळात किती वेळा घडते, या प्रमाणाला मूळ प्रमाण म्हणावे, आणि एखाद्या भाकिताची किंमत त्याने या मूळ प्रमाणापेक्षा किती अधिक सांगितले यावरून करावी, असा शास्त्राचा नियम आहे. जुलैत बेडूक आला आणि अंगणातला पाट वाहू लागला की "बघा, बेडूक होता ना!" असा उद्गार निघतो. पण त्याच पंधरवड्यात कोल्हा आला असता तरी पाट वाहिलाच असता, आणि तेव्हा मधल्या दोन कोरड्या दिवसांकडे बोट दाखवून कोल्ह्याचीही अब्रू राखली गेली असती, कारण चौदा दिवसांच्या मुदतीत दोन कोरडे दिवस आणि दोन धो-धो दिवस बहुधा सापडतातच. जे भाकीत कोणत्याही परिस्थितीत नापास होऊ शकत नाही ते उत्तीर्णही झालेले नसते, हे तत्त्व परीक्षा मंडळाला मान्य होईल; ओट्याला मान्य होण्याची शक्यता कमी आहे.

येथे न्यायबुद्धीने हेही नोंदवले पाहिजे की १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाच्या भाषेतही सामान्य वाचकाची फसगत करणाऱ्या जागा आहेत. जून ते सप्टेंबर या काळातील देशाची पावसाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर धरली जाते, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की मोसम 'सामान्य' ठरतो. ही सरासरी चेरापुंजी आणि जैसलमेर यांना एका पंक्तीस बसवून काढलेली असल्यामुळे 'सामान्य' वर्षी एका जिल्ह्यात पूर आणि दुसऱ्यात दुष्काळ असणे पूर्णतः नियमाला धरून असते. तथापि रोपे करपलेल्या शेतकऱ्याला हा नियम समजावून सांगण्याचे काम हवामान विभागाने अद्याप कोणावर सोपवलेले नाही. फरक इतकाच, की विभागाचे भाकीत टक्क्यांत असल्यामुळे मोसम संपल्यावर ते पर्जन्यमापकाशी ताडून चुकले असे म्हणता येते. बेडकाबाबत ती सोय नाही.

पावसाहून नाजूक विषय दृष्टीचा. तात्यापाऱ्यातील एखाद्या मुलाला सहामाहीत ९४ टक्के पडले, पेढे वाटले गेले, काकू-आत्यांनी तोंडभर कौतुक केले आणि वार्षिक परीक्षेत तो ८५ वर आला, म्हणजे निदान ठरलेलेच असते: पोराला दृष्ट लागली. मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून टाकल्या जातात, पुढच्या चाचणीत मुलगा ८९ वर येतो, आणि उपचाराचा गुण सिद्ध होतो. या सबंध घटनाक्रमाचे स्पष्टीकरण फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्येच देऊन ठेवले आहे, जरी त्याच्यासमोर मिरच्या नव्हत्या. त्याने २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांची उंची तपासली, तेव्हा असे दिसले की फार उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच असतात खरी, पण आईबापांइतकी नसतात, आणि फार बुटक्यांची मुले बुटकी असली तरी तितकी बुटकी नसतात. टोकाला गेलेल्या मोजमापानंतरचे मोजमाप मध्याकडे सरकते, या प्रवृत्तीला प्रतिगमन म्हणतात. तिचे कारण साधे आहे: कोणत्याही परीक्षेतील गुणांमध्ये मुलाची तयारी हा एक भाग असतो आणि नेमका वाचलेला प्रश्न येणे, तपासणाऱ्याचा मूड बरा असणे, शेजारच्या लग्नाचा लाउडस्पीकर आदल्या रात्री बंद पडणे हा दुसरा, ९४ टक्के पडतात तेव्हा दोन्ही भाग अनुकूल असतात, आणि पुढच्या वेळी तयारी तीच राहिली तरी लाउडस्पीकर पुन्हा बंद पडेलच याची हमी नसते.

म्हणजे कौतुक नेहमी शिखरावर केले जाते, आणि शिखरावरून निघालेली वाट उतरणीचीच असते. उलट रागावणे आणि दृष्ट काढणे हे दोन्ही विधी नेमके दरीत पार पडतात, जेथून पुढची वाट चढणीची असते. त्यामुळे कौतुकाने मुले बिघडतात आणि धपाट्याने सुधारतात, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव घरोघरी जमा झालेला आहे, आणि तो अनुभव खोटा आहे असे म्हणता येत नाही. कौतुकानंतर गुण खरोखरच घसरतात, धपाट्यानंतर खरोखरच वाढतात, फक्त त्यात कौतुकाचा आणि धपाट्याचा हात नसतो. याहून अन्यायकारक शास्त्रीय नियम शोधून सापडणार नाही.

दृष्टीच्या विधीत एक निदानचाचणीही अंतर्भूत आहे, आणि ती पद्धतिशास्त्राच्या अभ्यासकांनी दुर्लक्षित ठेवली आहे. ओवाळलेल्या मिरच्या विस्तवावर टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट होती असे मानायचे आणि ठसका लागला तर नव्हती. कोणत्याही चाचणीत रोग नसताना तो असल्याचे दाखवण्याची चूक संभवते, आणि या चूक-होकाराचे प्रमाण चाचणीच्या परिस्थितीवर अवलंबून असते. चुलीच्या कोंदट स्वयंपाकघरात, जेथे मिरचीच्या धुराला जायला वाट नव्हती, हे प्रमाण अत्यल्प असले पाहिजे. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा आणि त्यानंतर इलेक्ट्रिक चिमणी आली, मिरच्यांचा धूर नाकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेरच्या गल्लीत जाऊ लागला, आणि या यंत्रांच्या प्रसाराबरोबर दृष्ट लागलेल्या मुलांच्या संख्येत मोठी वाढ झाली असली पाहिजे असे तर्काने म्हणता येते. गल्लीतून जाणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र ठसका लागत असल्याने त्याला दृष्ट नसल्याचे निर्विवाद सिद्ध होते.

विवाहाच्या बाजारात छेदाची अवस्था याहून करुण आहे. पत्रिकांचे ३६ पैकी निदान १८ गुण जुळावेत असा संकेत आहे, आणि त्याची सत्यता पटवून देताना दोन प्रकारची उदाहरणे दिली जातात: गुण जुळले आणि संसार सुखाचा झाला, किंवा गुण न पाहता लग्न केले आणि पस्तावले. वास्तविक या प्रश्नाचा विचार करायला चार खणांचा तक्ता लागतो, कारण गुण जुळूनही भांडणारी आणि न जुळताही एकमेकांना साखर-कमी चहा करून देणारी जोडपी याच शहरात नांदत असतात. हे उरलेले दोन खण कधीच भरले जात नाहीत. तिसरा भरायचा तर कोणाच्या तरी घरातले भांडण चारचौघांत कबूल करावे लागते, आणि चौथा भरायचा तर ज्या आत्याने ते स्थळ नाकारले होते तिला तोंड द्यावे लागते.

हे चारही खण भरण्याचा प्रामाणिक प्रयत्न मराठी मुलखात एकदा झाला, जरी तो विवाहाविषयी नव्हता. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी शाळेत हुशार म्हणून गणल्या गेलेल्या मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, आणि त्यांतून यादृच्छिक रीतीने, म्हणजे कोणाच्याही आवडीनिवडीला वाव न ठेवता, निवडलेल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. चाळिसांपैकी २८ बरोबर येणे ही यशाची कसोटी होती. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला २४ मिळाले, आणि सर्वांचे मिळून सरासरी यश ४६ टक्के भरले. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर अपेक्षित यश ५० टक्के होते.

या निकालातील ४६ हा आकडा पाहून ज्याच्या मनात काही हालचाल होत नाही त्याला व्यापारी बुद्धी नाही असे समजावे, कारण ज्योतिषाने सांगितलेल्याच्या बरोबर उलटे धरून चालले तर यश ५४ टक्क्यांवर जाते, आणि एवढ्या भांडवलावर उलट-सल्ल्याचे एक दुकान तात्यापारा चौकात सहज चालू शकेल. संख्याशास्त्रज्ञ मात्र २४ या आकड्यापाशी अधिक रेंगाळेल. २७ माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले, तर त्यांच्यातल्या सर्वांत भाग्यवानाचे २५-२६ अंदाज बरोबर येणे अगदी स्वाभाविक आहे, आणि बाकीचे २६ जण नजरेआड केले तर तो एकटा त्रिकालज्ञ दिसू लागतो. ज्या सत्पुरुषाने अमक्याला अचूक तारीख सांगितली होती त्याची कीर्ती अशीच वाढते: तारीख चुकलेले यजमान पुन्हा दर्शनाला जात नाहीत आणि तारीख जुळलेले नातेवाइकांना घेऊन जातात, म्हणून दारात उभ्या असलेल्या रांगेला विचारले तर शंभर टक्के अनुभव चांगलाच येतो.

रांगेला विचारण्यात होणारी ही चूक नमुना-निवडीची आहे, आणि नमुन्याविषयी मराठी स्वयंपाकघराचे स्वतःचे शास्त्र आहे. शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत पाश्चात्त्य नमुना-सिद्धान्ताहून जुनी असून तत्त्वतः निर्दोष आहे: भात सारखा शिजला असेल तर पातेले चार माणसांचे आहे की पंगतीचे, याने काही फरक पडत नाही, दोन्हीकडे मूठभर शिते पुरतात. मोठ्या देशाला मोठा नमुना लागतो ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. शिताने ती केव्हाच खोडून काढलेली आहे. मात्र गणपतीच्या महाप्रसादाला चढवलेल्या हंड्यात, जो तळाशी करपलेला, मध्ये गुरगुट्या आणि वर टणक असतो, वरचे शीत चाचपून दिलेला निर्णय पहिल्या पंगतीला महाग पडतो. दोष नमुन्याच्या आकाराचा नसून त्याच्या जागेचा असतो, आणि अशा एका बाजूला झुकलेल्या चुकीला अभिनती म्हणतात.

अभिनतीचा मराठी माणसाने केलेला सर्वांत सूक्ष्म अभ्यास शेतातल्या कडेच्या रोपाविषयी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज काढण्याच्या कामी होते. सबंध शेत कापून तोलणे परवडत नाही, म्हणून शेतात चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी छोटा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, तोलायचे आणि एकराचा हिशेब मांडायचा, अशी पद्धत आहे. तुकडा अगदी छोटा ठेवला तर कष्ट वाचतात, आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासारख्या संख्याशास्त्रातील दिग्गजाचा कल तिकडे होता. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की तुकडा जितका लहान तितका अंदाज फुगतो, कारण आखणीच्या दोरीवर नेमके उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे वळतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त असल्याने अशी रोपेही जास्त असतात. कोणी खोटे बोलत नाही, कोणी आकडा वाढवत नाही, तरी कागदावर देशाचे धान्य वाढते. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, पण कडेच्या रोपाचा नियम धानाच्या बांधापुरता मर्यादित राहिलेला नाही. उत्सवाचे कार्यकर्ते उपस्थिती मोजतात तेव्हा मांडवाच्या दारात चपला शोधत उभा असलेला प्रत्येक इसम आत धरला जातो, आणि मोजणी पत्रावळींवरून केली असेल तर दुसऱ्यांदा जेवायला बसलेली मुले लोकसंख्येत आपापली भर घालून जातात.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न रस्त्याचा आहे. तात्यापारा चौक ते शारदा चौक हा जी. ई. रोडवरचा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा अरुंद तुकडा, ज्याच्या रुंदीकरणाची चर्चा वर्षानुवर्षे चालत आली, तो किती वेळ तुंबलेला असतो यावर ओट्यावर दोन पक्ष आहेत. पहाटे फिरायला जाणारे निवृत्त गृहस्थ म्हणतात, रस्ता दिवसातला बहुतेक वेळ मोकळा असतो, लोक उगाच ओरड करतात. दुकानदार आणि नोकरदार म्हणतात, जेव्हा पाहावे तेव्हा जाम. दोघांनाही एकमेकांविषयी फारसा आदर नाही, आणि दोघेही बरोबर आहेत. समजा, चोवीसांपैकी चार तास कोंडी असते आणि त्या वेळी तासाला हजार वाहने येतात, उरलेल्या वीस तासांत तासाला शंभर. घड्याळाच्या हिशेबाने रस्ता दिवसाच्या सहाव्या हिश्श्याइतकाच तुंबलेला असतो. पण दिवसभरातल्या सहा हजार वाहनांपैकी चार हजार कोंडीतच आलेली असतात, म्हणून वाहनचालकांना विचारले तर तिघांतले दोघे कोंडीची साक्ष देतात. गर्दी पाहणारे बहुतेक लोक स्वतःच गर्दी असतात, आणि मोकळा रस्ता मोकळा असतो तो पाहायला तेथे कोणी नसते म्हणूनच. रिकाम्या बसमधून प्रवास केल्याचे फार थोड्यांना आठवते, त्याचेही कारण हेच.

हा वाद मिटवण्याचा शास्त्रीय मार्ग उघड आहे: चौकात चोवीस तास माणूस बसवावा, तासागणिक वाहने मोजावीत आणि दोन रकाने करावेत. सूचना ओट्यावर एकमताने मान्य होण्यासारखी आहे, अडचण फक्त अंमलबजावणीची. वही-पेन्सिल घेऊन रस्त्याकडे टक लावून पाहणारा माणूस दिसला की पहिला स्कूटरवाला ब्रेक दाबून विचारतो, रुंदीकरणाची मोजणी चालली आहे काय. दुसरा विचारतो, मग कोणाकोणाची दुकाने जाणार. तिसरा, वही सरकारी दिसते आहे तर मुलाचे नाव मतदारयादीतून का गळले तेही पाहून सांगा, असे म्हणून गाडी स्टँडला लावतो. मागून हॉर्न सुरू होतात, आणि पहाटे सव्वापाचच्या त्या तासाची नोंद कोंडीच्या रकान्यात करावी लागते.